बोकडाचे कातडे आणि मुंगसाचे केस

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत भाव कोसळलेली वस्तू शोधायला निघालात तर हाताला फारसे काही लागणार नाही. घरभाडे वाढले, तूरडाळ वाढली, रिक्षाचे मीटर वाढले. देवनारच्या बाजारातला बोकड तर सामान्य नोकरदाराला पाहूनच परत यावे इतका महाग झाला. पण त्याच बोकडाच्या अंगावरचे कातडे मात्र उलट्या दिशेने गेले. एके काळी दोन-तीनशे रुपयांना हातोहात जाणारे कातडे आता पन्नास रुपयांनाही कोणी घेईल याची खात्री नसते. आमच्या पवईतल्या वस्तीत ईदच्या दुसऱ्या दिवशी ही कातडी पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत चढताना मी पाहिली आहेत.

ज्यांच्या घरी कुर्बानी होत नाही त्यांना यात लेख लिहिण्यासारखे काय आहे असे वाटेल. म्हणून थोडे समजावून सांगते. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची रीत सर्वांना ऐकून माहीत असते. कातड्याचे काय होते हे फारसे कोणी विचारत नाही. शरियतचा नियम असा की कसायाला त्याची मजुरी म्हणून कातडे द्यायचे नाही, मजुरी वेगळी द्यायची. कातडे घरात वापरता येते, त्याची जानमाज करा, पिशवी करा. कोणाला देऊनही टाकता येते. पण विकून पैसे स्वतःच्या खिशात घालता येत नाहीत. हनफी मतानुसार विकलेच तर ती रक्कम सदका करावी लागते. आम्ही कोकणातले लोक बहुतेक शाफई. आमच्याकडे कुर्बानी देणाऱ्याने ते विकायचेच नाही. शहरात कातडे कमावून जानमाज करत बसायला कोणाला वेळ आहे? त्यामुळे ते मदरशाला किंवा यतीमखान्याला देण्याची पद्धत पडली. मदरशाची मुले पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायची, टेम्पो भरायचा, व्यापारी गोदामावर रोख मोजून द्यायचा, आणि त्या पैशातून वसतिगृहातल्या मुलांच्या काही महिन्यांच्या डाळ-तांदळाची सोय व्हायची.

हिशेब साधा आहे. समजा एका लहान मदरशाने पाचशे कातडी गोळा केली. अडीचशेच्या भावाने सव्वा लाख रुपये. तीसच्या भावाने पंधरा हजार. त्यातून टेम्पोचे भाडे, मिठाची पोती आणि मुलांचा नाश्ता वजा करा. आमच्या ओळखीच्या एका हाफिजसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी मला सांगितले, “टीचर, इस बार खाल का नाम भी मत लीजिए, ऊपर से पैसे देने पड़े उठवाने के।” ते हसत होते, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. पावतीवर छापलेले असते ‘चर्म-ए-कुर्बानी’. हा ‘चर्म’ फारसी आहे. मराठीतल्या चर्मकारामधला, चर्मोद्योगातला ‘चर्म’ संस्कृत आहे. दोन्ही एकाच जुन्या मुळातून आलेले, हजारो वर्षांनी मदरशाच्या पावतीवर आणि महामंडळाच्या पाटीवर पुन्हा भेटलेले. वर्गात हे सांगितले की मुलांना गंमत वाटते. धंद्यातही हे दोन चर्म असेच भेटत आले आहेत. कातडे मुसलमानाच्या दारातून निघायचे, कमावणारा ढोर समाजाचा किंवा तमिळ मुसलमान, शिवणारा चर्मकार, विकणारा कोणीही. धारावी या साखळीवरच उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमानांनी तिथे कातडे कमावण्याचे कारखाने घातले. कत्तलखाना तेव्हा वांद्र्याला होता, खाडी जवळ होती, वास सहन करणारे गरीब लोकही तिथेच राहत होते. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, पुढे धारावीतले कातडे कमावणे जवळजवळ संपले आणि शिलाईचे काम तेवढे राहिले. आज धारावीच्या रस्त्यावरच्या दुकानातून तुम्ही जे जॅकेट किंवा पाकीट घेता त्याचे चामडे बहुधा चेन्नई, कानपूर किंवा कोलकात्याहून कमावून आलेले असते.

भाव का पडला, या प्रश्नाला आमच्या समाजात एक तयार उत्तर आहे. ‘हे सगळे मुद्दाम चालले आहे.’ या उत्तरात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बोकडाचा या कायद्याशी काही संबंध नाही, म्हशीचाही नाही. पण कातड्याचा टेम्पो अडवणारा माणूस आतले कातडे कशाचे आहे हे ओळखणारा असतोच असे नाही, आणि त्याला ओळखायचे असतेच असेही नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना तालुक्यात मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीजवळ रेल्वेच्या डब्यात एका म्हाताऱ्या मुसलमानाला डब्यात कसले मांस आहे म्हणून मारहाण झाली. अशा बातम्यांनंतर टेम्पोवाला जास्त भाडे मागतो, किंवा सरळ ‘नको’ म्हणतो. ही भीती शेवटी कातड्याच्याच भावातून वजा होते. कानपूरच्या जाजमऊमधले कारखाने २०१९ च्या कुंभमेळ्यासाठी महिनोन्महिने बंद ठेवायला लावले गेले, तेव्हाही माल तुंबला.

पण मला माझ्या समाजबांधवांना एक प्रश्न विचारायचा आहे. बांगलादेशात काय झाले? तिथे गोवंश हत्याबंदी नाही, टेम्पो अडवणारे कोणी नाही, ईदला लाखो जनावरांची कुर्बानी होते. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये चितगावात लोकांनी हजारो कातडी रस्त्यावर फेकून दिली, कित्येकांनी जमिनीत पुरली, कारण व्यापारी वाहतुकीचा खर्च निघेल इतकाही भाव देत नव्हते. तिथले मदरसे आमच्या मदरशांपेक्षा जास्त हवालदिल झाले. त्याच वर्षी अमेरिकेतही कत्तलखान्यांनी गायीबैलांची कातडी विकण्याऐवजी पुरून टाकल्याच्या बातम्या होत्या. तिकडे कोणाचे षड्यंत्र होते?

जगभर लोकांच्या पायातला चामड्याचा बूट गेला आणि कापडी-रबरी स्पोर्ट्स शूज आले. ऑफिसातसुद्धा तेच चालतात. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांत चामड्याचे पायताण घालणारा एकही नाही. शाळेचा काळा बूटसुद्धा रेक्झिनचा. दप्तर नायलॉनचे, पट्टा फोमचा, सोफा ‘लेदरेट’चा. गणपतीतल्या ढोलाला आता फायबरचे पान लागते, पावसात उतरत नाही म्हणून. बोकडाच्या कातड्याशिवाय ज्याचे खरोखर अडते अशी वस्तू म्हणजे तबला, आणि तबल्याच्या पुड्यांनी काही ईदचा माल संपत नाही. पूर्वी भिश्ती मशकीत पाणी भरून नेत, शेतात मोट चाले, घरोघर पखालीने पाणी येई. ते सगळे बोकड-म्हशीच्या कातड्याचेच होते. ते जग गेले ते प्लास्टिकच्या बादलीमुळे आणि नळामुळे गेले, आणि गेले ते बरेच झाले. भिश्त्याच्या कमरेला विचारा.

दुसरी बाजू कारखान्यांची. कातडे कमावणे हा पाण्याची नासाडी करणारा धंदा आहे. क्रोमियमचे पाणी नदीत जाते. तामिळनाडूतल्या वेल्लोर भागातल्या कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जो निकाल दिला तो तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरी नासल्या होत्या म्हणून. तिथल्या कारखानदारांत मुसलमान बरेच, आणि विहिरी नासलेल्या शेतकऱ्यांतही मुसलमान असतीलच. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च वाढला, लहान कारखाने मिटले, गिऱ्हाईक कमी झाले. जे उरले त्यांना पक्का माल हवा, एकसारखा, चिरा नसलेला. २०२५ च्या अर्थसंकल्पात परदेशातून येणाऱ्या अर्धवट कमावलेल्या ‘वेट ब्लू’ चामड्यावरचे आयात शुल्क माफ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. चेन्नईच्या कारखानदाराने मग आमच्या पवईच्या हाफिजसाहेबांचे फाटके, अर्धे सडलेले कातडे का घ्यावे?

‘फाटके, सडलेले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. ईदच्या दिवशी शहरात कसाई कमी आणि बोकड जास्त. मग एरवी भाजी विकणारा, रंगकाम करणारा सुरी घेऊन उतरतो. त्याला मांस काढता येते, कातडे सोलता येत नाही. प्रत्येक चुकलेल्या सुरीचा चिरा कातड्यावर राहतो आणि व्यापारी तेवढाच भाव खाली आणतो. त्यात हवामान. चंद्राच्या वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २००६ ते २००८ या काळात बकरी ईद डिसेंबर-जानेवारीत होती. कातडे संध्याकाळपर्यंत तसेच पडले तरी चालून जायचे. २०१६ पासून २०२५ पर्यंतच्या सगळ्या ईद जून ते सप्टेंबर या महिन्यांत आल्या, म्हणजे मुंबईच्या ऐन पावसात आणि दमट हवेत. ताज्या कातड्याला चार-पाच तासांत आतल्या बाजूने भरपूर मीठ लागले नाही तर केस सुटायला लागतात, वास येतो, माल गेला. जमातखान्याच्या अंगणात ताडपत्रीखाली ओल्या कातड्यांचा ढीग संध्याकाळपर्यंत मिठाविना पडलेला मी कितीदा पाहिला आहे. भाव पडला म्हणून मीठ परवडत नाही, मीठ लावले नाही म्हणून भाव आणखी पडतो.

आता मुंगसाकडे येते, कारण या विषयावर बोलताना एक वेगळीच मंडळी टाळ्या वाजवतात. शाळेतल्या माझ्या एका प्राणीप्रेमी सहकारी मैत्रिणीने मला म्हटले, “बरंच झालं ना गं, चामड्याचा भाव पडला! तेवढे प्राणी वाचतील.” ती मनाने चांगली बाई आहे आणि म्हणूनच हे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

काही प्राणी फक्त कातड्यासाठी किंवा केसांसाठी मरतात. मिंक नावाचा प्राणी कोणी खात नाही. त्याची लव विकायची म्हणून त्याला पिंजऱ्यात वाढवतात. २०१३ च्या सुमारास मिंकच्या कातड्याला सोन्यासारखा भाव होता, मग तो घसरत गेला. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने डेन्मार्क सरकारने तिथले सुमारे दीड कोटीहून अधिक मिंक मारायला लावले आणि तो धंदा तिथे पुन्हा नीट उभाच राहिला नाही. मोठमोठ्या फॅशन कंपन्यांनी लव वापरणे सोडले. भारतानेही जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली. इथे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. गिऱ्हाईक गेले की पिंजरा रिकामा होतो.

आपल्याकडे मिंक नाही, पण मुंगूस आहे. पवई तलावाच्या बाजूला, आयआयटीच्या भिंतीलगत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ते हमखास दिसते. त्याच्या शेपटीच्या आणि पाठीच्या केसांचे रंगकामाचे कुंचले बनतात. एक किलो केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात. उत्तर प्रदेशातले बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे या कुंचल्यांचे मोठे केंद्र, आणि तिथल्या कारागिरांत आमचे लोक भरपूर आहेत, हेही सांगून टाकते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार दोन्ही गुन्हा आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर मुंगूस वाघाच्याच रांगेत, पहिल्या अनुसूचीत जाऊन बसले. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशभर धाडी घातल्या तेव्हा चित्रकलेच्या दुकानांतून असे कुंचले जप्त झाले. फास लावणारा गरीब भटका माणूस त्या केसांचे चार पैसे मिळवतो आणि तुरुंगातही आधी तोच जातो. कुंचला वापरणारा चित्रकार निसर्गचित्र काढत बसतो. हा भाव शून्यावर यावा असे मला मनापासून वाटते. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना नायलॉनचे कुंचले आणायला सांगितले जाते, ते उत्तम चालतात.

बोकडाचे तसे नाही. बोकड मांसासाठी आणि कुर्बानीसाठी कापला जातो. कातड्याला तीनशे मिळोत किंवा तीन, कापले जाणारे बोकड तितकेच राहतात. भाव पडल्याने एकही बोकड वाचला नाही. फक्त जे चामडे पाकीट होऊन वीस वर्षे कोणाच्या खिशात राहिले असते ते कचराभूमीवर जाऊन कुजले, आणि त्या पाकिटाच्या जागी पेट्रोलियमपासून बनलेले रेक्झिन आले, ते दोन वर्षांत सोलपटते आणि मग शेकडो वर्षे मातीत तसेच राहते. ज्याला मांसाहार आणि कुर्बानीच मान्य नाही त्याने तसे स्पष्ट म्हणावे. मुस्लिम सत्यशोधक मंडळ बकरी ईदच्या निमित्ताने रक्तदानाचे आवाहन करते. ती एक सरळ भूमिका आहे, तिच्याशी सहमत व्हा किंवा वाद घाला. पण जनावर कापल्यावर त्याचे कातडे वाया गेले म्हणून आनंद मानणे यात दया कुठे आली?

मध्येच एक जुनी गोष्ट. आमच्या दादांची एक काराकुली टोपी होती, कोकणातल्या घरी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली. जिना टोपी म्हणून लोक ओळखतात तीच. काराकुल जातीच्या मेंढीचे कोकरू जन्मल्यावर दोन-चार दिवसांत मारतात, नाहीतर त्या लवेची कुरळी नक्षी जाते. लहानपणी मी ती टोपी गालाला लावायची. कळल्यापासून ती हातात घेववत नाही, आणि फेकूनही देववत नाही. आमच्यात कोकराचे मांस खाण्यासाठी हलाल आहे एवढे म्हटले की झाले असे मानणारे लोक आहेत. मला तेवढे पुरेसे वाटत नाही.

मग करायचे काय? मदरसा चालवणाऱ्यांनी आधी हे मान्य करावे की कातड्याचे ते दिवस परत येणार नाहीत. ईद पुढे सरकत थंडीत जायलाही अजून बरीच वर्षे आहेत. कातड्याबरोबर शंभर-दोनशे रुपये मागायला काही ठिकाणी सुरुवात झाली आहे, ते योग्यच आहे. पण रोख मागायची तर हिशेबही द्यावा लागतो. कातड्याच्या दानात एक सोय होती: देणाऱ्याला ते नकोच असायचे, म्हणून तो विचारत नसे. पैसे देणारा विचारणार की किती मुले आहेत, काय शिकतात, खर्च किती. विचारू दे. जमाखर्च मशिदीच्या फळ्यावर लावायला कोणाची हरकत असावी? राज्य सरकारची डॉ. झाकिर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यातल्या डीएड शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० आणि बीएड शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० केले गेले. गणित, विज्ञान, मराठी शिकवायला माझ्यासारखी बीएड झालेली माणसे या पैशात मिळू शकतात. तरी अनेक मदरसे तिकडे फिरकत नाहीत, ‘सरकार आत घुसेल’ म्हणून. भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण कातड्याच्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर मुलांचे जेवण ठेवणे त्याहून सुरक्षित होते का?

महापालिकेलाही एक मागणे आहे. ईदच्या तीन दिवसांत पालिका कचऱ्याच्या जादा गाड्या पाठवते, कर्मचारी रात्रंदिवस राबतात, त्यांचे आभारच मानायला हवेत. त्याच गाड्यांबरोबर प्रत्येक विभागात एक जागा, चार पोती जाडे मीठ आणि कातडे हाताळायला शिकलेली दोन माणसे ठेवली तर दुपारपर्यंत माल खारवून निघेल. हे काम संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या मदतीने होऊ शकते. कोल्हापूरकडे अजून बाभळीची साल आणि हिरडा वापरून, कातड्याची पिशवी शिवून तिच्यात काढा भरून चामडे कमावण्याची जुनी रीत जाणणारे कारागीर आहेत. क्रोमियमचा थेंब नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा अभिमान दुखावला, वर्तमानपत्रांची पाने भरली. त्या चपलेचे चामडे कमावणाऱ्या माणसाकडे पुरेसा माल येतो का, हे मात्र कोणी विचारले नाही. कोल्हापुरीचा तळ जाड कातड्याचा असतो, बोकडाचा चालणार नाही. पण अस्तर, वेण्या, पाकिटे, पिशव्या यांना चालेल.

आणि आमच्या घरातल्या पुरुषांना एक सांगणे, कारण कुर्बानीच्या दिवशी स्वयंपाकघरातून मला जे दिसते ते त्यांना अंगणातून दिसत नाही. बोकडासाठी तीस-चाळीस हजार मोजता, त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकता, आणि शिकलेल्या कसायाला पाचशे रुपये जास्त द्यायला घासाघीस करता. तोच कसाई कातडे अखंड सोलून देतो. किलोभर जाडे मीठ आधीच आणून ठेवा. कातडे सावलीत पसरवा, आतली बाजू वर, मीठ कडेपर्यंत चोळा, घडी घालून उंचावर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. मदरशाचा मुलगा संध्याकाळी आला तरी ते टिकलेले असेल. त्याच्या हातात ते देताना बरोबर एक पाकीटही द्या, आणि तो कितवीत आहे हे विचारा.